आबांनी उठवलेली सभा

आबा नगरसेवक होते त्या वर्षांत आमच्या घरातलं चहाचं पातेलं कधी पालथं पडलं नाही. उजाडायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. कुणाचा नळ आटला, कुणाच्या गल्लीतला दिवा गेला, कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं, कुणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत. आई आतून विचारायची, "किती?" आणि मी खिडकीतून डोकी मोजून सांगायची. ती त्यावर आणखी थोडं पाणी वाढवायची, कारण माझं सांगून होईपर्यंत आणखी माणसं आलेली असायची. आलं ठेचल्याचा आवाज, ओट्यावरची खोकल्याची उबळ, फोनची घंटा आणि या सगळ्याच्या वर आबांचा आवाज. तो आवाज आमच्या दोन खोल्यांत मावायचा नाही. उभी जवानी आगीच्या बंबाच्या घंटेवर आवाज चढवून बोलण्यात गेलेली, हळू बोलणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आमटीत मीठ जास्त झालंय हे त्यांनी आईला सांगितलं तरी पलीकडच्या गल्लीला कळायचं, आणि आई दिवसभर त्यांच्याशी बोलायची नाही.

आबा राजकारणात आले ते फायर ब्रिगेडमधून. गोदेला मोठा पूर आला तेव्हा आमच्या वॉर्डातली कितीतरी माणसं त्यांनी दोराने बाहेर काढली होती. त्या पुण्याईवर पक्षाने त्यांना तिकीट देऊ केलं, आबांनी नोकरी सोडली, क्वार्टर सोडली आणि निवडून आले. नोकरीने मात्र त्यांना सोडलं नाही. आगीची खबर येते तिला ब्रिगेडमध्ये वर्दी म्हणतात. वर्दी घेणाऱ्याने पत्ता दोनदा मोठ्याने म्हणायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, आत कोण आहे? आबा नळाची तक्रारसुद्धा तशीच घ्यायचे. एक म्हातारी गटार तुंबल्याचं सांगायला आली. आबांनी तिचा पत्ता दोनदा म्हटला आणि विचारलं, "आत कोण आहे?" म्हातारी चपापली. म्हणाली, "आत? गटारात? कोन्ही नाय बाबा. उंदरं असतील." ओट्यावरची माणसं हसून लोळली. आबा हसले नाहीत, त्यांनी तोवर सायकल काढली होती.

वर्दी आली की निघायचं, ही त्यांची खोड. चहा अर्धा टाकून ते त्या माणसाबरोबर निघायचे, महापालिकेतल्या माणसाला त्याच्या टेबलावरून उठवून आणायचे आणि जेवायच्या वेळेआधी नळाला पाणी आणायचे. सुकदेवमामाला हे बघवायचं नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घोटीच्या बाजारात त्याची तांदळाची आडत. आबा निवडून आल्यापासून दुकान पोरांवर सोडून तो निम्मा आठवडा आमच्याकडेच असायचा. त्याला राजकारण आबांपेक्षा जास्त कळायचं, असं त्याचं मत होतं आणि ते खरंही होतं.

"दाजी, मानसाला जरा बसवून ठिवत जा," तो म्हणायचा. "उद्या ये म्हना. परवा ये म्हना. चार चकरा मारल्या की त्याला काम झाल्याचं सुख वाटतं. तुमी लगेच उठता. लगेच झालेलं काम मानूस इसरतो."

"आणि तोवर तहानेनं मरतो," आबा म्हणायचे.

"कोन्ही मरत नाय. शेजाऱ्याकडून आनतो पानी. पन तुमचं नाव चार दिवस त्याच्या तोंडात राहतं."

मला मामा आवडायचा. आबांसाठी तो जीव टाकायचा. पोस्टर चिकटवणं, रिक्षावर भोंगा बांधणं, गल्लीगल्लीत कोण रुसलंय आणि कोणाला काय बोललं की ते खुलतं, हे सगळं त्याच्याकडे. पुढे जे झालं त्यात त्याचा हात होता, पण त्याला दोष द्यायला माझी जीभ आजही वळत नाही.

आबांच्या ब्रिगेडच्या सवयींना आम्ही हसायचो. कुलपाला मात्र हसण्याची सोय नव्हती. मी लहान असताना एका लाकडाच्या वखारीला आग लागली होती. कामाची माणसं आत झोपली होती आणि माल चोरीला जातो म्हणून मालकाने बाहेरून कुलूप घातलं होतं. आबा त्या वर्दीवरून परत आले तेव्हाचं मला एवढंच आठवतं, की आईने नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी त्यांच्यापुढे ठेवली होती आणि ते ताटाला हात न लावता आपले तळवे बघत बसले होते. आईने शेवटी ताट उचललं. त्या दिवसापासून आमच्या घराला माणसं आत असताना कुलूप कधी लागलं नाही, आणि लग्नाला गेलो तरी आबा अक्षता हातात घेण्याआधी सगळ्या कार्यालयाला एक फेरी मारून यायचे. दारं किती, जिने किती, कोणतं दार खरंच उघडतं. नवरीकडच्या माणसांना वाटायचं, हे पाहुणे जेवणाचा अंदाज घेतायत. आई लाजेने मान खाली घालायची.

दुसरी निवडणूक आली आणि घराचा सूर बदलला. पक्षाने तिकीट पुन्हा आबांनाच दिलं. पण वॉर्डात प्रकाशशेठ नावाचे बांधकामाच्या सामानाचे व्यापारी होते, त्यांनाही ते हवं होतं. ते रुसले आणि अपक्ष म्हणून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, सगळ्यांच्या सुखदुःखाला जायचा, आणि वॉर्डातली निम्मी घरं त्याच्या सिमेंटवर उभी होती. मतं फुटणार हे लहान पोरालाही कळत होतं. आमच्या घरात तर दुसरं काही बोललंच जात नव्हतं, कारण आबांनी नोकरी सोडलेली, वय झालेलं, आता हातात राहिलं होतं ते एवढंच. आबा जेवताना मध्येच थांबायचे. आई भाजी वाढून तशीच हातात पळी घेऊन उभी राहायची. मी बारावीला होते आणि पुस्तक उघडून त्यांच्याकडे बघत बसायची.

शेवटी मामानेच धागे जुळवले. मुंबईहून पक्षाचे मोठे साहेब प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आमच्या वॉर्डात येणार, स्टेजवर आबांचा आणि प्रकाशशेठचा हात धरून वर करणार आणि प्रकाशशेठ तिथेच आबांना पाठिंबा जाहीर करणार, असं ठरलं. प्रकाशशेठला पुढे काय मिळणार ते साहेबांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं म्हणे. अट एकच. सभा भरलेली दिसली पाहिजे. रिकाम्या खुर्च्यांपुढे मी माघार घेणार नाही, असं प्रकाशशेठ स्पष्ट म्हणाले होते. "साहेब आले, हात वर झाले, की निवडनूक खिशात," मामा म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी आई त्या दिवशी जेवली.

सभा चौकात व्हायची होती. पोलिसांनी रहदारीचं कारण सांगून परवानगी नाकारली आणि मामाने ऐनवेळी एक मंगल कार्यालय धरलं. पहिल्या मजल्यावर लांबलचक हॉल. पुढून एक रुंद जिना, आणि हॉलच्या अगदी मागे, स्टेजच्या समोरच्या टोकाला, एक दार. त्या दारातून लोखंडी जिना मागच्या बोळात उतरायचा. सभेनंतर मसालेभात होता. अंगणात मंडप टाकायला जागा नव्हती म्हणून आचाऱ्याने भट्ट्या पुढच्या जिन्याखालीच मांडल्या होत्या. दुपारी मामा घरी येऊन पाणी प्यायला आणि खुशीत आईला म्हणाला, "आक्के, या वेळी बाया पळत नाय. मागल्या सभेला आठवतं ना, साहेब येईस्तोवर निम्म्या स्वयंपाकाला घरी गेल्या. आज मागच्या दाराला मी सोता कुलूप घालनार हाय. पुढच्या जिन्यावर आपली पोरं उभी. साहेबांचं भाषन झाल्याबिगर एक बाई हालायची नाय." आई म्हणाली, "यांना सांगितलंस का?" मामा म्हणाला, "दाजींना कशाला? त्यांनी फक्त स्टेजवर बसायचं." तेव्हा असंच करायचे सगळे. आजही करतात, फक्त आता कुलपाऐवजी दारात धिप्पाड पोरं उभी करतात.

मी आणि आई जरा उशिराच पोचलो. साहेबांना ओवाळायचं ताट घेऊन यायचं होतं. आईचे गुडघे तेव्हाच गेले होते. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीला, अशी ती एकेक पायरी चढत होती. आणि जिना कुठला, चपलांचा ढीग होता तो. वरती सतरंज्या घातलेल्या, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाने जिथे जागा मिळेल तिथे जिन्यावरच चपला काढलेल्या. मी पायाने चपला बाजूला सारत होते आणि आई तेवढ्यात पाऊल टाकत होती. खालून फोडणीचा खमंग वास आणि धूर वर येत होता. हॉल ठासून भरला होता. बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या, पोरं अंगावर लोळतायत, भिंतीला लावलेल्या झालरींवर हॅलोजनचे दिवे सोडलेले. गरम इतकं, की ताटातला कापूर वितळेल असं वाटत होतं. पुढे खुर्च्या राखून ठेवल्या होत्या, पण आईला नगरसेवकाची बायको म्हणून पुढे बसायला कधी आवडायचं नाही. ती बायांच्या रांगांमधून वाट काढत अगदी मागे गेली, त्या मागच्या दाराला पाठ लावून खाली बसली आणि पाय पसरले. दाराला मोठं पितळी कुलूप होतं. तिने हसून मला ते दाखवलं आणि म्हणाली, "सुकदेव बोलल्याप्रमाणं वागला."

मी स्टेजकडे पाहिलं. आबा प्रकाशशेठशेजारी बसले होते. पांढरा सदरा, गळ्यात पक्षाचं उपरणं. ते आमच्याकडेच बघत होते. आई बसली तशी त्यांची नजर तिच्यावरून वर गेली, पुन्हा तिच्यावर आली. त्यांनी रुमालाने मान पुसली. मग ते उठले आणि स्टेजवरून खाली उतरले.

प्रथम त्यांनी एका कार्यकर्त्याला विचारलं, "सुकदेव कुठे आहे?" मामा साहेबांच्या स्वागताला नाक्यावर गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. तेव्हा मोबाइल नव्हते, गेलेला माणूस परत येईपर्यंत गेलेलाच असायचा. आबांनी आचाऱ्याला भट्ट्या विझवायचा निरोप पाठवला. भट्ट्यांचा आवाज थांबला, आणि निरोप्याची पाठ वळताच पुन्हा सुरू झाला. भात अर्धा कच्चा होता, आचाऱ्याचंही चुकलं नाही. मग आबांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज इतका खाली मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"शोभा, खालून तांदळाची रिकामी पोती आण. जिन्यावरच्या सगळ्या चपला त्यात भर आणि रस्त्यावर नेऊन ठेव. पळायचं नाही. कोणी विचारलं तर साहेबांसाठी जिना साफ करतोय म्हण."

"आबा, काय झालंय?"

"काही नाही. जा."

मी आणि जिन्यावर उभी असलेली पोरं चपला भरायला लागलो. हाताला येतील त्या, जोडीची वाट न बघता. पोती भरली की ओढत खाली न्यायची आणि दुसरं आणायचं. वर आलं की आबांचं आणि प्रकाशशेठचं स्टेजच्या कडेला चाललेलं बोलणं तुकड्या-तुकड्याने ऐकू यायचं. प्रकाशशेठ हसत बोलत होते, कारण समोर बाया बघत होत्या.

"आबा, आग कुठंय?"

"नाही कुठं."

"वास येतोय का कसला?"

"मसालेभाताचा येतोय."

"मग गाडी येईपर्यंत दम धरा की. नाक्यावर आली असेल. भाषण झालं की किल्ली येईल, बाया जेवून जातील. तुम्ही आता ब्रिगेडमध्ये नाही."

आबांनी पुन्हा एकदा हॉलच्या मागे पाहिलं. प्रकाशशेठचं हसणं गेलं. ते आबांच्या अगदी कानाशी गेले, पण मी पोतं घेऊन तिथेच वाकले होते, मला ऐकू आलं. "आबा, नीट ऐका. माझं ठरलंय ते भरल्या सभेत. ही माणसं खाली गेली तर मी आहे तसाच उभा आहे. उद्या मला बोल लावू नका. तुम्ही पडाल. आणि पडलात की घरी बसाल, दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

आबांनी माइक हातात घेतला. माझ्या हातातलं पोतं तिथेच राहिलं. मनात एकच चाललं होतं, नका आबा, बसा खाली, दहा माणसांच्या जेवणाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं होऊन जाईल. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या रागात भीतीही होती, कारण आबा उगाच उठत नाहीत हेही मला माहीत होतं.

"मावश्यांनो, सभा खाली रस्त्यावर होणार आहे," आबा म्हणाले. अगदी सावकाश, जणू लग्नात पंगत बसवतायत. "साहेबांचं स्वागत आपण खाली करू. कोणी घाई करायची नाही. मागच्या रांगेनं आधी उठायचं. त्या कोपऱ्यातल्यांनी. पुढच्यांनी बसून राहायचं आणि त्यांना वाट द्यायची."

बाया कुरकुरल्या. जिन्याजवळच्यांनी आधी उतरावं हे कुणालाही कळेल, आणि हे मागच्यांना आधी उठवतायत. मला वाटलं, ब्रिगेडमध्ये असाच नियम असेल. पण आबांचा आवाज असा होता की कोणी मोडता घातला नाही. मागची रांग उठली, मी मागे जाऊन आईला उठवलं, ती माझा हात धरून चालू लागली, मग त्यापुढची रांग, मग त्यापुढची. जिना मोकळा होता. कुणाचा पाय घसरला नाही, कुणाचं पोर हरवलं नाही. आबा शेवटची बाई उतरेपर्यंत माइकपाशी उभे होते. एवढी माणसं इतक्या शांतपणे खाली आलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

खाली मात्र गोंधळ उडाला. बाया अनवाणी रस्त्यावर उभ्या, आणि समोर चपलांची पोती. कुणीतरी एक पोतं उलटं केलं, मग सगळीच उलटी झाली. दिवस मावळायला आला होता. एकीला डावी सापडते, उजवी सापडत नाही. दुसरी ओरडतेय, अगं ही माझी, सोड. प्रत्येकीच्या हातात एकेक चप्पल, ती उंच धरून जोडी कुणाकडे आहे ते विचारतेय. "कालच घेतली होती ओ, कालच!" "कोन्ही नेली माझी? ब्रिगेडवाल्यांनी नेली का?" पन्नास-साठ चपला हवेत आणि त्यांच्या खाली संतापलेले चेहरे, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून साहेबांच्या गाड्या वळल्या.

पुढच्या जीपमध्ये मामा होता. त्याने नंतर सांगितलं ते असं. साहेब मागच्या गाडीत काच खाली करून हात जोडायच्या तयारीत बसले होते. जीपच्या दिव्यात रस्ता दिसला. रस्त्यावर बायांचा जमाव, सगळ्यांच्या हातात चपला, आणि सगळ्यांत पुढे चप्पल वर करून ओरडणारी मामाची सख्खी बहीण. आईलाही तिची एक चप्पल सापडत नव्हती. मामा जीपमधून ओरडला, "तसं नाय, साहेब, तसं नाय!" पण मागच्या गाडीची काच वर गेली होती. गाडी जागच्या जागी मागे आली, वळली आणि गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. आम्हाला कळेपर्यंत रस्त्यावर फक्त धूळ होती आणि मामा जीपमधून उडी मारून साहेबांच्या गाडीमागे धावत होता.

प्रकाशशेठ जिन्याच्या तळाशी उभे होते. त्यांनी आपली गाडी मागवली. जाताना आईला नमस्कार करून गेले, एवढं त्यांचं वळण होतं.

मामा परत आला तो आबांच्या अंगावरच. "कुठं हाय आग? दाखवा! कुठं हाय?" त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी दोन म्हैने झोपलो नाय, दाजी. तुमच्यासाठी! आन तुमी... एका कुलपासाठी?" आबा खाली बसून चपलांच्या जोड्या लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बस, सुकदेव," एवढंच म्हणाले. मामाने किल्ली त्यांच्यासमोर आपटली आणि घोटीची गाडी पकडली. पुढे भाऊबीजेपर्यंत तो आमच्याकडे आला नाही.

आबा पडले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात साहेबांचं चपलांनी स्वागत अशी बातमी होती, आणि वॉर्डात त्याहून वाईट पसरलं होतं, की बंबवाल्याच्या सभेत चपला चोरीला जातात. प्रकाशशेठ निवडून आले. मतमोजणीनंतरच्या सकाळी आईने सवयीने मोठं पातेलं चढवलं. कोणी आलं नाही. तिने तो चहा मोरीत ओतला आणि पदराने डोळे पुसले. पोरं कितीतरी दिवस आबांच्या सायकलीमागे "आग! आग!" करत पळायची. आबा घंटी वाजवायचे, फायर ब्रिगेडच्या गाडीसारखी. पोरांना ते फार आवडायचं. मला नाही आवडायचं. मी रडायची.

या गोष्टीने पुढे आमच्या घराचं नाव चांगलंच झालं. माणसं विसरली ते विसरली, ज्यांना आठवलं त्यांना ते वेगळंच आठवायला लागलं. आबा गेले तेव्हा शोकसभेत दोन-तीन जणांनी हीच गोष्ट सांगितली. माणसांच्या जिवासाठी ज्याने आपली निवडणूक सोडली तो हा माणूस, असं. प्रकाशशेठही बोलले, आणि मनापासून बोलले. मामा पहिल्या रांगेत बसून हुंदके देत होता. आई ऐंशीच्या पुढे आहे, ती अजून कधीकधी चिडून म्हणते, "आग ना धूर, आन माझी नवी चप्पल घालवली," आणि तिच्या आवाजात अभिमान असतो. मी या सगळ्यांत गप्प बसते. का ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

ती निवडणूक हरल्यानंतरच्या पुढच्या निवडणुकीला पक्षाची माणसं पुन्हा आमच्या ओट्यावर आली. प्रकाशशेठचं वॉर्डात बिनसलं होतं. ज्या बायांच्या चपला गेल्या होत्या त्याच बाया आईला येऊन म्हणत होत्या, आबांना उभं करा. तिकीट घरी चालून आलं होतं. आबांनी नाही म्हटलं. कारण दिलं नाही. त्यांना चहा पाजला, हात जोडले आणि दार उघडून दिलं. आई कप गोळा करून आत गेली, पण मी तोवर नोकरीला लागले होते, तोंड फुटलं होतं मला. मी त्यांच्यामागे ओट्यावर गेले आणि नको नको ते बोलले. एवढं खरं वागलात आणि आता लोकांना ते कळलंय तर घरात काय बसता? कशाची भीती वाटते? पुन्हा हराल याची?

आबा ओट्यावर बसले. त्यांचा आवाज त्या दिवशी हॉलमध्ये होता तेवढाच खाली होता.

"ते कुलूप मी आलो तेव्हाच पाहिलं होतं," ते म्हणाले. "हॉल रिकामा होता. मी फेरी मारली, नेहमी मारतो तशी. दार पाहिलं, कुलूप पाहिलं, भट्ट्या पाहिल्या. सुकदेव माझ्याशेजारी उभा होता. हात पुढे करून किल्ली मागायची, एवढंच काम होतं."

"मग?"

"नाही मागितली. मला कळलं होतं ते कशासाठी लावलंय. बाया यायला लागल्या, मी त्यांना नमस्कार करत होतो. प्रत्येकीला. हॉल भरत चालला तसं मला बरं वाटत होतं. मग तू आणि तुझी आई आलात. ती त्या दाराशी जाऊन बसली."

रस्त्यावरून कुणीतरी त्यांना हात केला. त्यांनीही केला.

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी मी विचारलं. "आणि आई आली नसती तर?"

"बसलो असतो," आबा म्हणाले. "साहेबांची वाट बघत."